परकारभाई उठून गेले त्या दिवशीचा करार

करार लिहिणाऱ्या वकिलाकडे लोक दोनदाच येतात. एकदा घाईत असताना आणि एकदा फसल्यावर. घाईत आलेला म्हणतो, "मॅडम, साधं दोन पानांचं काहीतरी करून द्या, आमचा एकमेकांवर फार विश्वास आहे." फसल्यावर तोच माणूस तीच दोन पानं टेबलावर आपटतो आणि मलाच विचारतो, "यात हे का नाही लिहिलंत?" मी त्याला पाणी देते. दुसरं काय करणार?

काळेवाडीत शेखचाचांच्या हार्डवेअरच्या दुकानावर माझं ऑफिस. सगळी वकिली तिथेच गेली. कोर्टात मी फार दिसले नाही, त्यामुळे माझी नणंद अजून अधूनमधून विचारते, "वहिनी, तू नक्की वकीलच ना?" काळा कोट आहे माझ्याकडे, पण तो कपाटातच जास्त राहिला. माझं काम भांडण व्हायच्या आधीचं. दोन माणसं हसत हसत समोर बसलेली असताना, ही उद्या कशावरून भांडतील याचा विचार करायचा आणि ते त्यांना न दुखावता कागदावर मांडायचं. शुभकार्यात अपशकुनी बोलणारी बाई म्हणजे मी, असं समजा. पण तळवड्यापासून निघोज्यापर्यंतच्या किती शेडमधली यंत्रं माझ्या कागदांच्या भरवशावर चालू राहिली हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला चांगलाच अभिमान आहे. वय झालं म्हणून नम्रपणाचं सोंग मला जमत नाही.

नमुने तर काय काय भेटले! दोन साडू होते. भागीदारीत पावडर कोटिंगचं काम काढत होते. त्यांना करारात कलम हवं होतं की धंद्याच्या बोलण्यात बायकांनी पडायचं नाही. मी लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी दोघींनी येऊन ते माझ्याच पेनाने खोडून घेतलं, कारण भांडवल त्यांच्या दागिन्यांचं होतं. लातूरकडचे एक गृहस्थ शेवटच्या ओळीत 'देवाशपथ' लिहा म्हणून हटून बसले. मी म्हटलं, "काका, कायद्यात ह्याला काही किंमत नाही हो." तर म्हणाले, "कायद्याला नसंल, त्या समोरच्याला हाय की. तुमी लिवा." लिहिलं. तो करार कधी मोडला नाही.

पण माझ्या सगळ्या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य कोणतं असं कुणी विचारलं, तर ते परकारभाईंच्या करारातलं. त्याचीच गोष्ट सांगते.

इब्राहिम परकार मूळचे कोकणातले, खाडीकाठच्या गावचे. तळवड्याला त्यांचा गाळा. वेल्डिंगचे फिक्श्चर बनवायचे. फिक्श्चर म्हणजे गाडीचे सुटे पत्रे एकमेकांना जोडताना तसूभरही हलू नयेत म्हणून घट्ट धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा. तो चुकला तर दरवाजाच बसत नाही गाडीचा. माणूस कामाला पक्का, बोलायला थोडका आणि हट्टाचं तर विचारूच नका. इतकी वर्षं पिंपरी-चिंचवडात काढून बोली मात्र कोकणातली. 'म्हणालो'ला 'बोललो'च. मी चिडवायचे, तर म्हणायचे, "वकीलबाई, तुम्ही घाटावरच्या लोकांनी मराठी फार सुकवून टाकलीत."

निघोज्याजवळ एका जर्मन कंपनीचा कारखाना होता. त्यांना नव्या लाइनसाठी फिक्श्चरचा पूर्ण संच हवा होता. परकारभाईंसाठी हे आजवरचं सगळ्यात मोठं काम. नकाशे गुप्त ठेवायचे, साच्याची मालकी कुणाची, उशीर झाला तर काय, असं पुष्कळ इंग्रजी त्यात होतं, म्हणून त्यांनी बैठकीला मला सोबत नेलं. समोर दोघं. ब्राउअर म्हणून कारखान्याचे जर्मन तांत्रिक प्रमुख, उंच, शांत, ऐकताना पेन्सिल फिरवणारे. आणि देवधर, खरेदी विभागाचे प्रमुख, आपलेच, हुशार आणि नेहमी घाईत.

सकाळभर घासाघीस झाली. शेवटी एकेक मुद्दा सुटत गेला. देवधर ब्राउअरसाहेबांशी हळू आवाजात बोलले आणि मग मराठीत म्हणाले, "चला परकारभाई, साहेब तयार आहेत. तुमचंच झालं." ब्राउअरनी हात पुढे केला. परकारभाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "झालं. दिलं मी."

आणि उठले. खुर्ची नीट आत सरकवली, छातीवर हात ठेवून सगळ्यांना सलाम केला आणि सरळ दाराबाहेर गेले.

त्याच दारातून बटाटेवड्यांच्या ताटल्या आत आल्या. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. मला वाटलं, फोन आला असेल. मग वाटलं, नमाजाची वेळ असेल. वडे गार झाले तरी माणूस येईना, म्हणून मी बाहेर गेले. गेटसमोरच्या टपरीवर परकारभाई निवांत चहा पीत उभे.

"अहो, काय झालं? बरं आहे ना?"

"बरं म्हणजे? एकदम बरं. झालं की आपलं काम."

"मग आत चला ना, ते थांबलेत."

"नको नको. आता आत नको." एवढं बोलून चहावाल्याला पैसे देऊन त्यांनी गाडीला किक मारली. मी आत जाऊन सांगितलं की त्यांना तातडीचं काम निघालं, तुम्ही मसुदा पाठवा, मी बघते. ब्राउअरनी मान हलवली. त्या रिकाम्या खुर्चीकडे ते जरा जास्तच वेळ बघत होते, पण जर्मन माणसाच्या चेहऱ्यावरून काय कळणार?

आठवडा गेला, वर आणखी काही दिवस गेले. मसुदा येईना. मी देवधरांना फोन लावला.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," देवधर म्हणाले, "पण तुमचे परकारभाई तर उठून गेले ना."

"उठून गेले म्हणजे?"

"म्हणजे त्यांना मान्य नव्हतं. साहेबांना इकडे येण्याआधी ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, भारतात लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत, हो म्हणतात आणि निघून जातात. साहेब म्हणाले, हे अगदी तसंच झालं. मी भोसरीच्या साळुंख्यांकडून दर मागवलाय. आणि मॅडम, सिस्टीममध्ये शेरा द्यावा लागतो, तो दिलाय. 'बैठक सोडून गेले' असा."

मी कपाळावर हात मारला. त्या ट्रेनिंगवाल्याला धरून आणून तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये उभं करावं असं वाटलं मला. पण त्या शेऱ्याचं गांभीर्य बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते. आपल्या पट्ट्यात खरेदीतली माणसं आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत. एकाने मारलेला शेरा चाकणच्या सगळ्या कँटीनमधून फिरतो. माल खराब निघाला तर पुन्हा बनवून देता येतो. 'हा माणूस मधूनच उठून जातो' असं नाव पडलं की पुन्हा कुणी बैठकीला बोलावतच नाही.

मी तशीच तळवड्याला गेले. गाळ्यात पाऊल टाकलं आणि बघते तर काय! जाड पोलादाच्या प्लेटा नकाशाप्रमाणे कापून, खडूने नंबर घालून भिंतीला लावलेल्या. ह्या मापाच्या प्लेटा जगात दुसऱ्या कुणाच्या कामाच्या नव्हत्या. वर एका जुन्या गिऱ्हाइकाला 'हात मोकळा नाही' म्हणून परतही पाठवून झालं होतं.

मी अशी भडकले! "परकारभाई, कागदावर सही नाही, ऑर्डर नाही, आणि तुम्ही पोलाद कापून बसलात? आणि त्या दिवशी उठून कशाला गेलात? ते समजले तुम्हाला मान्य नाही, आता साळुंख्यांकडून दर मागवलाय त्यांनी! वडे खायचे होते, चहा घ्यायचा होता, चार गोड शब्द बोलायचे होते. सगळ्यावर पाणी फिरवलंत!"

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "उठलो म्हणूनच तर पक्कं झालं, वकीलबाई."

"काय?"

मग त्या माणसाने मला समजावलं. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. त्यांच्या शरीयतीत सौदा ठरला तरी दोघं जण एकाच बैठकीत बसलेले आहेत तोवर दोघांनाही मागे फिरायची मुभा असते. माणसाला दोन घटका विचार करायला मिळाव्यात म्हणून. दोघं एकमेकांपासून वेगळे झाले, बैठक मोडली, की मुभा संपली. मग सौदा दोघांवर बांधला गेला. त्यांचे वडील खाडीवर होडीच्या लाकडाचा व्यापार करायचे. सौदा ठरला की लगेच उठून विहिरीपर्यंत चालत जायचे. समोरचाही समजायचा की आता ह्यात बदल नाही.

"पण एवढी काय घाई होती उठायची?" मी विचारलं.

परकारभाई जरा लाजले. "खरं सांगू? साहेबाने हात दिला तेव्हा माझ्या मनात आलं, हा माणूस अजून ताणला तर अजून देईल. पोलादाचा भाव वाढणार होता, मला माहीत होतं. बसून राहिलो असतो तर मी तोंड उघडलं असतं. माझाच माझ्यावर भरवसा नव्हता, म्हणून उठलो."

आणखी मागायची मुभा होती म्हणूनच हा माणूस ती मुभा तोडायला उठला होता, आणि तिकडे सिस्टीममध्ये त्याच्या नावावर पळपुटेपणाचा शेरा बसला होता.

"मग हे त्यांना सांगायचं नाही का?"

"सांगायचं काय त्यात? दिलेल्या शब्दाची कोणी जाहिरात करतो? आणि तुम्ही होतात ना तिथे."

"मला तरी कुठे माहीत होतं, बाबा!"

खरंच नव्हतं. लॉ कॉलेजात आम्ही मुस्लिम कायदा शिकलो तो लग्न, तलाक, पोटगी आणि वारसा एवढाच. व्यवहाराला सगळ्यांना एकच करार कायदा, इंग्रजांच्या वेळचा, इंग्रजी वळणाचा. त्यामुळे शरीयतीत कराराचा केवढा विचार झालाय हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

निघताना परकारभाई म्हणाले, "काम गेलं तर जाऊ दे, वकीलबाई. गाळा विकावा लागला तरी विकेन. पण इरफान काल रात्री जेवला नाही." इरफान त्यांचा मुलगा, चाकणला दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनीअर. "कँटीनमध्ये कोणीतरी त्याला बोलला, तुझे वडील मीटिंगमधून पळाले म्हणे. सगळे हसले. मी समजलो पोरांची थट्टा असेल, कुठून आली ते आज कळलं. मला घरी येऊन बोलतो, अब्बा, ह्या जुन्या गोष्टी सोडा आता, लोक हसतात." मग प्लेटांवरची धूळ उगाचच हाताने पुसत म्हणाले, "आयुष्यभर जी गोष्ट मोठी मानली, तिचीच पोराला लाज वाटली."

त्या क्षणी ही केस माझी झाली. फी वगैरे डोक्यातून गेलं. मला तो शेरा पुसायचाच होता.

ऑफिसला आले तर शेखचाचा दुकानात खिळे तोलत होते. ते नगरकडचे, नमाजी, वाचणारे. मी त्यांना सगळं सांगून विचारलं, "चाचा, हे बरोबर आहे का?"

"त्यांच्या हिशेबाने बरोबर," चाचा म्हणाले. "आमच्यात असं नाही हं. आम्ही हनफी. आमच्यात एकाने दिलं म्हटलं, दुसऱ्याने घेतलं म्हटलं, की खलास. मग बसा, उठा नाहीतर झोपा." आणि तराजूवरून नजर न काढता वर म्हणाले, "तुझा परकार उगाच उन्हात बाहेर गेला, बेटी."

मी जिना चढताना हसत होते, पण डोकं भराभर चालायला लागलं होतं. बघा, आपल्या करार कायद्याने तोंडी देकार आणि तोंडी स्वीकार झाला की करार होऊ शकतो. हनफींच्या मते 'दिलं' म्हणताच झाला. शाफईंच्या मते परकारभाई दाराबाहेर पडताच झाला. आणि जर्मन कायद्यात तर त्याच्याही आधीपासून बंधन. हे मला दुसऱ्या एका कामात कळलं होतं. इंग्रजी वळणात वाटाघाटीला बसलेल्या प्रत्येकाने आपापली पिशवी सांभाळायची. जर्मन म्हणतात, बोलायला बसलात की समोरच्याच्या पिशवीकडेही तुम्हीच लक्ष द्यायचं. त्याला भरवशावर ठेवून ऐनवेळी अंग काढलंत तर सही नसली तरी भरपाई द्यावी लागते. म्हणजे चार ठिकाणचे कायदे म्हणत होते झालं, आणि निघोज्याचा एक खरेदी विभाग म्हणत होता नाही झालं!

अर्थात खरेदी विभागाकडेही हत्यार होतंच. त्यांच्या चौकशीपत्राच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं की लेखी ऑर्डर निघेपर्यंत कुणीही बांधील नाही. कोर्टात गेले असते तर जिंकलेच असते असं मी छातीठोक सांगणार नाही. आणि निकाल लागेपर्यंत तो शेरा बारा कंपन्यांत फिरला असता. म्हणून मी नोटीस धाडली नाही. भेटीची वेळ मागितली.

जायच्या आदल्या दिवशी परकारभाईंनी नवं खूळ काढलं. "साळुंख्यांना त्यांनी शब्द दिलाय का? दिला असेल तर मी येत नाही. दुसऱ्याच्या ठरलेल्या सौद्यावर सौदा करणं आमच्यात हराम आहे."

"अहो, तुमचा गाळा जायची वेळ आलीये आणि तुम्हाला साळुंख्यांचं पडलंय?"

"पडलंय."

ऐकेनात. शेवटी माझ्यासमोर त्यांनीच साळुंख्यांना फोन लावला. भोसरीचा अस्सल गडी, आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "न्हाई वो परकारभाई, आमी निस्ता दर दिलाय. व्हय का न्हाई, कुणीबी बोललं न्हाई अजून. तुमचं ठरलं व्हतं व्हय? मग आमी कशाला मधी पडू? पर राव, असं उठून कशाला गेला? माणूस जेवताना बी एवढ्या लवकर उठत न्हाई!" परकारभाई पहिल्यांदा हसले. मीही.

निघोज्याला पुन्हा तीच खोली, तीच चार माणसं. देवधर थोडे आखडून बसले होते. मी फाइल उघडलीच नाही. ब्राउअरसाहेबांना म्हटलं, मी तुम्हाला फक्त एवढंच सांगायला आलेय की हा माणूस त्या दिवशी का उठला. आणि सगळं सांगितलं. बैठक, मुभा, वेगळं होणं, खाडीवरचे वडील, विहीर. परकारभाईंच्या मनात आलेला मोहसुद्धा सांगितला. ते माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, तरी सांगितला.

ब्राउअरची पेन्सिल थांबली. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्याने आपला हक्क सोडला, आणि मला वाटलं तो हक्क वापरतोय?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं.

ते देवधरांकडे वळून जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटले. देवधरांना जर्मन येत नव्हतं, त्यामुळे वाचले. मग मला इंग्रजीत म्हणाले, "आमच्या कायद्यात दोन शब्द आहेत, ट्रॉय उंट ग्लाउबेन. निष्ठा आणि विश्वास. प्रत्येक करार त्यांच्या चौकटीत वाचायचा. मला वाटत होतं, इथे हे शब्द मीच घेऊन आलोय."

इथे मला वाटलं, जिंकलो. देवधरही वितळले. म्हणाले, "ठीक आहे मॅडम, गैरसमज झाला. साहेबांची हरकत नसेल तर आम्ही परकारभाईंचा पुन्हा विचार करतो. आजच्या तारखेने ऑर्डर काढू."

मी हे मराठीत परकारभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "नको."

"आता काय नको?" माझा आवाज चढला.

"पुन्हा विचार नको. मेहेरबानीचं काम मला नको, वकीलबाई. करार त्या दिवशी झाला असेल तर तो पाळा. झाला नसेल तर प्लेटा माझ्या, नुकसान माझं, मी जातो. आजच्या तारखेची ऑर्डर घेतली तर त्या दिवशी मी पळालो हे मीच कबूल केल्यासारखं होईल."

देवधरांनी हात टेकले. "परकारभाई, काम मिळतंय ना? तारखेला काय एवढं?"

मला मात्र लख्ख कळलं. ह्या माणसाला ऑर्डरपेक्षा ती एक सकाळ परत हवी होती. आणि बाहेरच्या जगाला हे कितीही वेडगळ वाटलं तरी, अशी सकाळ परत मिळवून द्यायचं साधन सबंध त्या खोलीत एकाच माणसाकडे होतं. करार लिहिणाऱ्या बाईकडे. मी ब्राउअरना म्हटलं, "ऑर्डर आज काढा. पण मुख्य करारात पहिलं कलम मी लिहीन."

"काय लिहाल?"

मी सांगितलं. ते ऐकून हा जर्मन माणूस चक्क हसला आणि म्हणाला, "लिहा."

कागद तयार झाला तेव्हा त्यांच्या मुख्य कार्यालयातल्या वकिलांनी शंका काढली. पुरवठ्याच्या करारात कुणी खोलीतून उठल्याचा उल्लेख कशासाठी, हा काढून टाकावा. मी बाह्या सरसावून उत्तर लिहायला बसले होते, पण त्याआधीच ब्राउअरनी परस्पर कळवलं की सगळ्या करारात हेच एक कलम असं आहे जे त्यांना स्वतःला नीट समजलंय, तेव्हा ते राहील. ते राहिलं.

सहीच्या दिवशी मी परकारभाईंना सगळा करार मराठीत समजावून सांगितला. माझी पद्धतच आहे, अशिलाने न कळलेल्या कागदावर सही करायची नाही. पहिलं कलम वाचलं: "उभय पक्षांमधील हा करार मागील बैठकीत, श्री. इब्राहिम परकार आपला शब्द देऊन खोलीतून उठले त्या क्षणी पूर्ण व बंधनकारक झाला. त्यांचे उठणे ही त्यांची संमती होती, असे उभय पक्ष मान्य करतात. प्रस्तुत कागद ही त्या कराराची केवळ नोंद आहे."

परकारभाई म्हणाले, "परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. "हे असं इंग्रजीत पण लिहिलंय?"

"शब्द न् शब्द."

"आणि साहेबाने वाचलंय?"

"वाचलंय. खाली सही केलीये, बघा."

देवधरांनी आपणहून लॅपटॉप वळवून दाखवला. जुना शेरा काढला होता आणि तिथे ह्या कलमाचा क्रमांक घातला होता. चांगला माणूस. घाई सोडली तर काही वाईट नव्हतं त्याच्यात.

परकारभाईंनी सही केली. पेन ठेवलं आणि खिशातून फोन काढला. दुपारच्या जेवणाची वेळ होती. इरफानला लावला, स्पीकर चालू करून टेबलावर माझ्यासमोर सरकवला. "वकीलबाई, पोराला वाचून दाखवा. माझ्या तोंडून नको. तुमच्या तोंडून."

पलीकडून कँटीनचा गलबला येत होता, ताटांचा आवाज, कुणाचं तरी हसणं. मी म्हटलं, "इरफान, मी तुझ्या वडिलांची वकील बोलतेय. आधी नीट ऐक." आणि वाचलं. त्या थंडगार खोलीत इतक्या मोठ्याने मी उभ्या आयुष्यात कुठलं कलम वाचलं नव्हतं. ब्राउअरही हातातलं काम थांबवून ऐकत होते, त्यांना एक अक्षर कळत नसताना.

वाचून झालं. परकारभाई फोनकडे टक लावून बसले होते.

मग इरफानचा आवाज आला. "मॅडम, फोन ठेवू नका. इथे माझ्या टेबलावर सगळे बसलेत, त्या दिवशी बसले होते तेच. मी पण स्पीकर लावतो. परत एकदा वाचाल का?"

मी परत वाचलं.